‘तिथं आपलं कोण आहे ओळखीचं?’

या वेळचं पत्र बार्शी तालुक्यातल्या एका गावातून आलंय. नाव छापू नका म्हणाली म्हणून छापत नाही. पत्र थोडं कापून देतेय, बाकी तिच्याच शब्दात:

“मावशी, मी बारावी सायन्सला आहे, पीसीएम. वडील एसटीत कंडक्टर आहेत, आई शिवणकाम करते. शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर गेले तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे, एअर फोर्स पायलट आणि मग अ‍ॅस्ट्रोनॉट. त्यांच्याबद्दल वाचता वाचता मला नासाचे चार्ल्स बोल्डन सापडले, ते पण आधी फौजेत पायलट, मग अंतराळवीर आणि मग अख्ख्या नासाचे हेड. मी त्यांच्यावरून भिंतीवर चार्ट केलाय. १८ ला एनडीए, २२ ला फायटर पायलट, ३० ला टेस्ट पायलट, ३५ ला अंतराळात, ५५ ला इस्रोची चेअरमन. पण खरं सांगू का, एनडीएचा फॉर्म मी मागच्या वेळी दोनदा उघडला आणि अर्धा भरून बंद केला. काका म्हणतात तिथं आपलं कोण आहे ओळखीचं, असल्या ठिकाणी मोठ्या लोकांची पोरं जातात. माझं इंग्लिश पण यथातथाच आहे. सीईटीच्या क्लासचे पैसे भरून झालेत. सगळे म्हणतात वर्षं वाया घालवू नको. मी काय करू?”

अगं पोरी, तुझं पत्र वाचलं आणि आधी तुझ्या काकांनाच उत्तर लिहावंसं वाटलं. माणूस वाईट नसणार, आपल्याकडे प्रत्येक घरात असा एक काका असतोच, सातबारा काढायचा असो नाहीतर अंतराळात जायचं असो, त्याचा पहिला प्रश्न तिथं आपलं कोण आहे. पण गंमत बघ, तू ज्या माणसाचा चार्ट भिंतीवर लावलायस ना त्याच्यापुढे हा प्रश्न खरोखरचा होता, काकांचा टोमणा नव्हे, चक्क नियमातच होता.

अमेरिकेत नेव्हल अकॅडमीत, म्हणजे मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला, नुसत्या मार्कांवर घेत नाहीत, नॉमिनेशन लागतं. तुमच्या भागातल्या खासदारानं किंवा सिनेटरनं तुमचं नाव पुढे करायचं, उपराष्ट्राध्यक्षालाही काही नावं देता येतात, पण कुणीतरी दिलं पाहिजे. आता कल्पना कर एनडीएला असा नियम असता तर, आमदाराच्या बंगल्याबाहेर किती रांग लागली असती आणि तुझे काका किती बरोबर ठरले असते.

बोल्डन जन्मला १९४६ साली साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात. आईवडील दोघं शाळेतलेच, आई लायब्ररियन आणि वडील फुटबॉलचे कोच. काळ्या पोरांची शाळा वेगळी, गोऱ्यांची वेगळी, सुप्रीम कोर्टानं १९५४ लाच हे चालणार नाही म्हणून सांगितलेलं तरी हा १९६४ ला शाळा संपवून बाहेर पडला तेव्हाही त्याची शाळा काळ्यांचीच होती, कोर्टाचा निकाल आणि गावातली शाळा यांच्यात किती अंतर असतं ते तुला मी सांगायला नको. तर या पोरानं टीव्हीवर अ‍ॅनापोलिसच्या कॅडेटांची मालिका बघितली आणि त्यांचा युनिफॉर्म डोक्यात बसला. नंतर तो स्वतःच हसत सांगायचा की युनिफॉर्म आवडला आणि त्यांच्याभोवती पोरी छान छान असायच्या तेही आवडलं. एवढंच कारण! देशसेवा वगैरे सगळं नंतर.

मग त्यानं खासदार, सिनेटर सगळ्यांना लिहिलं आणि सगळीकडून नाही. त्यांच्या राज्याचा सिनेटर स्ट्रॉम थरमंड, तो काळ्यागोऱ्यांना वेगळंच ठेवा म्हणणाऱ्यांतला मोठा पुढारी, तो काय नाव देणार. उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या ऑफिसशी मात्र त्याचा आधीपासून पत्रव्यवहार होता, त्याची आशा तिथं. आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये, म्हणजे बोल्डनचं शाळेचं शेवटचं वर्ष चालू असताना, केनेडींची हत्या झाली आणि जॉन्सन रातोरात राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे ज्या खुर्चीकडून नॉमिनेशन मिळेल अशी आशा होती ती खुर्चीच रिकामी झाली. दुसरा कुणी म्हणाला असता जाऊ दे आता, देश रडतोय, माझं काय घेऊन बसलात. या सतरा वर्षांच्या पोरानं सरळ राष्ट्राध्यक्षांनाच पत्र लिहिलं, मला अ‍ॅनापोलिसला जायचंय आणि मला मदत पाहिजे.

जॉन्सनचं स्वतःचं उत्तर काही आलं नाही. काही आठवड्यांनी दारात नेव्हीचा एक भरतीवाला उभा राहिला, तुला नेव्हल अकॅडमीत जायचंय असं कळलं म्हणाला. शेवटी नॉमिनेशन मिळालं ते शिकागोचे काळे खासदार विल्यम डॉसन यांच्याकडून. शिकागो कुठं आणि साउथ कॅरोलायना कुठं! आपल्या भाषेत सांगायचं तर सोलापूरच्या पोरीचं नाव पाटण्याच्या खासदारानं द्यावं तसं.

काकांना हे वाचून दाखव. त्याचं तिथं कुणी नव्हतं आणि तिथं कुणीतरी असणं कंपल्सरी होतं, तरी गेला. तुझंही तिथं कुणी नाही पण इथं कुणी असायची गरजच नाहीये. एनडीएचा फॉर्म यूपीएससीच्या साइटवर भरायचा, लेखी परीक्षा ९०० मार्कांची, त्यात गणित ३०० आणि जनरल अ‍ॅबिलिटी ६००, मग एसएसबीचे, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाच्या मुलाखतीचे, आणखी ९००. कुठल्याही रकान्यात ओळख कोणाची असं विचारत नाहीत. एसएसबीला तर पाच दिवस तुम्हाला छातीवर नंबर लावून फिरवतात, तुझा नंबर समज २३ असेल तर तू २३, कंडक्टरची मुलगी आणि कर्नलची मुलगी शेजारी शेजारी बसून तीस सेकंद चित्र बघून गोष्ट लिहितात. कर्नलच्या मुलीला तिथलं वातावरण घरचं असतं, तिला इंग्लिश सोपं जातं, हे खरंय, ते नाकारून मी तुला खोटा धीर देणार नाही. पण ती वेगळी गोष्ट आणि वशिला वेगळा.

आता तुझा चार्ट.

तो वाचून मला जरा हसू आलं, रागावू नकोस. तू त्यांचं आयुष्य शेवटाकडून वाचलंयस, नासाचा हेड झाला म्हणजे त्याआधी अ‍ॅस्ट्रोनॉट, त्याआधी टेस्ट पायलट, त्याआधी पायलट, असा मागं मागं जिना उतरत आलीस आणि मग तोच जिना भिंतीवर उलटा लावलास. त्याला स्वतःला असा कुठला जिना दिसत नव्हता गं. अ‍ॅनापोलिसला जाताना त्याच्या दोनच गोष्टी पक्क्या होत्या असं तो सांगतो, एक म्हणजे मरीनमध्ये, म्हणजे नेव्हीला जोडलेल्या त्यांच्या लढाऊ फौजेत, जायचं नाही आणि दुसरी म्हणजे विमान उडवायचं नाही. उडवणं त्याला धोक्याचं वाटायचं! मग अकॅडमीत त्याच्या कंपनीचा ऑफिसर एक मरीन मेजर निघाला, त्याचा असा प्रभाव पडला की १९६८ ला पास होऊन हा मरीन झाला. एक पक्की गोष्ट संपली. मग मरीनच्या ट्रेनिंगला क्वांटिकोच्या चिखलात सरपटून सरपटून जीव मेटाकुटीला आल्यावर लक्षात आलं की पायदळ काही आपलं काम नाही, त्यापेक्षा विमान बरं. दुसरी पण संपली. मे १९७० ला तो पायलट झाला.

मग व्हिएतनाम. १९७२ ते ७३ एक वर्ष थायलंडमधल्या नाम फोंग तळावरून ए-सिक्स इंट्रूडर विमानानं शंभराहून जास्त मोहिमा. हे फायटर नाही हां, तू फायटर लिहिलंयस म्हणून सांगते, हे बॉम्ब टाकणारं अ‍ॅटॅक विमान, दोघं शेजारी शेजारी बसतात, एक उडवणारा आणि दुसरा रडार बघून बॉम्ब टाकणारा, आणि रात्री पावसापाण्यात जायचं हेच त्याचं काम. त्या तळाला मरीन लोक ‘रोझ गार्डन’ म्हणायचे कारण भरतीच्या जाहिरातीत लिहिलेलं असायचं की आम्ही तुम्हाला गुलाबाच्या बागेचं वचन दिलेलं नाही. फौजी विनोद सगळीकडे सारखाच दिसतोय.

आणि तिथून आल्यावर काय केलं, तर दोन वर्षं लॉस एंजेलिसमध्ये भरती ऑफिसर. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी अमेरिकेत फौजेला लोक शिव्या देत होते त्या काळात पोरांना मरीनमध्ये या म्हणायचं काम. सांग बघू तुझ्या चार्टमध्ये हे कुठल्या ओळीत बसवायचं? २८ ला काय, टेबलामागं बसणार? मी मुद्दाम विचारतेय कारण तुझ्याही आयुष्यात अशी दोन वर्षं येणार, कुठल्यातरी लांबच्या तळावर स्टोअरचा हिशेब ठेवायला लावतील आणि त्या दिवशी भिंतीवरचा चार्ट तुला सांगेल की तू मागं पडलीस. पडलेली नसशील.

टेस्ट पायलट स्कूल त्यानं जून १९७९ ला पूर्ण केलं, वय ३२. तिथं पॅटक्संट रिव्हरला त्याला रॉन मॅकनेअर भेटला. हा पण साउथ कॅरोलायनाचाच, लेक सिटी नावाच्या छोट्या गावचा, एमआयटीतून लेझर फिजिक्समध्ये पीएचडी, १९७८ लाच नासात निवड झालेला. त्यानं बोल्डनला विचारलं तू अर्ज करणार ना, आणि बोल्डन म्हणाला छे, मला कुठं घेतात ते. मॅकनेअर म्हणाला इतकं बिनडोक बोलणं मी आजवर ऐकलं नाही, विचारल्याशिवाय तुला कसं कळणार?

इथं जरा थांब. ज्या पोरानं सतराव्या वर्षी राष्ट्राध्यक्षांना पत्र टाकलं तोच माणूस शंभर मोहिमा करून, टेस्ट पायलट होऊन, तिशी उलटल्यावर म्हणतोय मला कुठं घेतात! म्हणजे हा किडा एकदा मारला की मेला असं नसतं. तो परत येतो, आणि दरवेळी स्वतःच्याच आवाजात बोलतो. तुझ्या फॉर्मच्या बाबतीत मी काकांना फार दोष देत नाही त्याचं कारण हेच, काका काही रात्री येऊन तुझा लॅपटॉप बंद करत नव्हते.

माझंच सांगते. पंचविशीत मला एका ठिकाणी निवेदिकेच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यूचा कॉल आला होता. साडीला इस्त्री झाली, तिकिटाचे पैसे बाजूला काढले आणि आदल्या रात्री मी ठरवलं की इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये असणार, तिथं शहरातल्या मुली असणार, आपली शोभा कशाला. गेलेच नाही. नंतर दोन महिन्यांनी जी मुलगी निवडली गेली ती एका लग्नात भेटली, म्हणाली अगं निम्मा वेळ मराठीच वाचायला लावलं त्यांनी, तीन पानं. कॉलचं पत्र अजून आहे माझ्याकडे, का ठेवलंय विचारू नकोस.

असो. बोल्डननं अर्ज केला, मे १९८० ला १९ जण निवडले गेले त्यात तो होता. पहिलं उड्डाण मिळायला जानेवारी १९८६ उजाडलं, म्हणजे वय ३९, तुझ्या चार्टपेक्षा चार वर्षं लेट. आणि ते उड्डाण काय सुखानं झालं का, कोलंबिया यान, पायलटच्या सीटवर हा, आणि डिसेंबरपासून काउंटडाउन लागतंय आणि थांबतंय. एकदा १४ सेकंद राहिले असताना थांबलं. एकदा ३१ सेकंदांवर थांबलं आणि नंतर बघितलं तर टाकीतला बराचसा द्रवरूप ऑक्सिजन चुकून निघून गेला होता, तसेच उडाले असते तर काय झालं असतं याचा विचारच नको. मग कधी हवामान, कधी धो धो पाऊस. त्यांच्यातला स्टीव्ह हॉले नावाचा अंतराळवीर आधीच्या उड्डाणातही असाच रखडलेला, तो शेवटी नकली नाक, चष्मा आणि मिशा लावून यानात जाऊन बसला, म्हणजे यानानं आपल्याला ओळखू नये! इतके शिकलेले लोक, पण मांजर आडवं गेलं की थांबणाऱ्या आपल्या आजीत आणि यांच्यात फार फरक नाही. १२ जानेवारीला एकदाचे उडाले. त्याच यानात बिल नेल्सन नावाचे खासदार पण होते, ते पुढे २०२१ ला नासाचे हेड झाले, म्हणजे त्या एका यानात नासाचे दोन भावी हेड बसलेले होते आणि कुणालाच माहीत नव्हतं.

१८ तारखेला ते परत उतरले. दहा दिवसांनी, २८ जानेवारीला, नासाचं चॅलेंजर यान उडालं आणि ७३ सेकंदांत तुटलं. त्यात रॉन मॅकनेअर होता.

ज्यानं विचारून तर बघ म्हणून ढकललं तोच गेला. यावर मी तुला काही शिकवण काढून देणार नाही, त्यातून काही निघत नाही. फक्त आईवडिलांशी बोलताना या कामात मरण असतं हे लपवू नकोस, त्यांना ते माहीतच आहे, तू लपवलंस तर तुला माहीत नाही असं त्यांना वाटेल.

पुढचं भराभर सांगते. १९९० ला डिस्कव्हरीतून हबल दुर्बीण सोडायला गेला तेव्हाही पायलट, १९९२ आणि १९९४ ला कमांडर. चौथ्या खेपेला त्याच्या यानात सर्गेई क्रिकाल्योव होता, अमेरिकन शटलमधून जाणारा पहिला रशियन. रशियनांबरोबर जा म्हटल्यावर बोल्डन आधी नाहीच म्हणत होता, आयुष्यभर यांच्याशी लढायचं ट्रेनिंग घेतलं आणि आता यांना शेजारी बसवू? मग एकदा बरोबर जेवायला बसले, पोराबाळांचं बोलणं निघालं आणि गाडी रुळावर आली.

चार उड्डाणं झाल्यावर १९९४ ला हा माणूस नासा सोडून परत मरीनमध्ये गेला. अ‍ॅनापोलिसला कॅडेटांवर देखरेख, मग कुवेत, मग जपान, मग मिरामारच्या तळावर विमानांच्या अख्ख्या विंगचा प्रमुख. २००२ ला बुश सरकारनं त्याला नासाचा नंबर दोन करायचं ठरवलं तर पेंटागॉन, म्हणजे त्यांचं संरक्षण खातं, म्हणालं लढाई तोंडावर आहे, आम्ही जनरल सोडत नाही. झालं, बारगळलं. २००३ ला रिटायर. आणि २००९ ला ओबामांनी नाव सुचवलं, सिनेटनं मंजूर केलं, १७ जुलैला शपथ. वय ६२. कायमस्वरूपी हेड झालेला पहिला काळा माणूस. पण अंतराळवीरांमधून हेड झालेला पहिला नाही बरं का, त्याच्याआधी १९८९ ला रिचर्ड ट्रूली होते, ते नेव्हीचे पायलट.

आता तुझी शेवटची ओळ, इस्रोची चेअरमन. इथं मी तुला गुळमुळीत उत्तर देणार नाही. नासाचा हेड राष्ट्राध्यक्ष नेमतात, तो पायलट असू शकतो, वकील असू शकतो, खासदार असू शकतो. इस्रोच्या खुर्चीवर साराभाई, धवन, राव यांच्यापासून आजपर्यंत शास्त्रज्ञ आणि इंजिनीअरच बसलेत, एकही फौजी पायलट नाही, आणि तोच माणूस अंतराळ विभागाचा सचिव पण असतो. म्हणजे त्या खुर्चीत बसायचं हेच खरं स्वप्न असेल तर तुझ्या सीईटीची वाट त्या दिशेला जास्त सरळ जाते, आणि अंतराळात जायचं हे स्वप्न असेल तर एअर फोर्सची. गगनयानसाठी, म्हणजे भारताच्या स्वतःच्या यानातून अंतराळात जायला, निवडलेले चौघंही हवाई दलाचे टेस्ट पायलट, शुक्ला त्यातलेच आणि ते आपल्या खडकवासल्याच्या एनडीएचे. चौघांत बाई एकही नाही. हे वाचून राग आला तर येऊ दे. फायटर उडवणाऱ्या पहिल्या तीन मुली २०१६ ला कमिशन झाल्या आणि एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, १७ जणी, मे २०२५ ला बाहेर पडली. म्हणजे टेस्ट पायलट व्हायला जेवढी वर्षं लागतात तेवढी अजून त्यांना मिळालीच नाहीयेत.

आणि हेड होणं म्हणजे काय मजा असते असं वाटत असेल तर एप्रिल २०११ बघ. शटल बंद होत होती, यानं कुठल्या म्युझियमला द्यायची हे सांगायची वेळ बोल्डनवर आली. स्वतः जी यानं उडवली तीच वाटायची. फ्लोरिडात केनेडी स्पेस सेंटरवर उभं राहून त्यानं यादी वाचली, एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला, एक लॉस एंजेलिसला, एक तिथंच फ्लोरिडात, आणि कधी अंतराळात न गेलेलं चाचणीचं एंटरप्राइज न्यूयॉर्कला. ह्यूस्टनला काहीच नाही. अंतराळवीर म्हणून चौदा वर्षं हा ज्या गावात राहिला त्या गावाला काही नाही, बोलताना आवाज भरून आला त्याचा, आणि टेक्सासचे लोक नंतर किती चिडले. त्याच्या आधीच्या वर्षी चंद्रावर जायचा कॉन्स्टेलेशन कार्यक्रम ओबामांनी बंद करायचं ठरवलं तेव्हा शिव्या खायला हाच पुढे. एका मुलाखतीत मुस्लिम देशांशी संपर्क वाढवण्याबद्दल काहीतरी बोलून बसला तर व्हाइट हाऊसनंच सांगितलं, तो चुकीचं बोलला. मोठ्या खुर्चीत बसलेल्याला वरूनही ओरडा बसतो, पंचायत समितीत काय नि नासात काय.

पण त्याच काळात लावलेली दोन झाडं तुझ्यापर्यंत पोचलीत, बघ. सप्टेंबर २०१४ मध्ये अंतराळवीर नेण्यासाठी बोइंग आणि स्पेसएक्स या कंपन्यांना कंत्राटं दिली, त्यातूनच स्पेसएक्सचं ड्रॅगन माणसं न्यायला लागलं, आणि २५ जून २०२५ ला शुक्ला ज्यातून गेले ते ड्रॅगनच. त्याच सप्टेंबर २०१४ च्या ३० तारखेला टोरांटोत बोल्डननं आणि इस्रोचे तेव्हाचे चेअरमन के. राधाकृष्णन यांनी निसार या नासा-इस्रोच्या उपग्रहाच्या करारावर सह्या केल्या, तो उपग्रह जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेला. म्हणजे तू त्याला शोधून काढायच्या आधीच तो तुझ्या टीव्हीत येऊन गेला होता.

बरं, आता कामाचं.

सीईटीचा क्लास सोडू नको. गणित-फिजिक्स तेच आहे, फक्त एनडीएच्या पेपरात इतिहास-भूगोल आणि इंग्लिश जास्तीचं. आणि इंजिनीअरिंग झालं तरी एअर फोर्सचं दार बंद होत नाही, पदवीनंतर एएफकॅटची परीक्षा देऊन फ्लाइंग ब्रँचला जाता येतं, वय २० ते २४. एनडीएत गेलीस तरी तिथं पदवी मिळतेच, म्हणजे वाया जायचं म्हणतात ते नेमकं काय वाया जाणार हे मला कळलेलं नाही, घरच्यांना नीट विचार.

डोळे तपासून घे, या महिन्यातच. नुसता चष्म्याच्या दुकानात नाही, डॉक्टरकडे, फौजेच्या पायलट भरतीसाठी बघायचंय असं सांगून. उंची आणि पायांची लांबीसुद्धा मोजतात, कॉकपिटमध्ये बसावं लागतं ना. यात काही निघालं तर आत्ता कळलेलं बरं. आणि पायलटसाठी सीपीएसएस नावाची मशीनवरची टेस्ट असते ती आयुष्यात एकदाच देता येते, तिथं नापास तर पायलट म्हणून परत चान्स नाही, तेव्हा ती काय असते हे न वाचता जाऊन बसू नकोस.

इंग्लिशचं म्हणशील तर पेपर हिंदीतही असतो, फक्त इंग्लिशचा भाग सोडून. एसएसबीला बोलावं लागतं, चुकत बोललं तरी चालतं पण गप्प बसलेलं चालत नाही. तू मैत्रिणीला घेऊन रोज पंधरा मिनिटं बातमीवर बोल, कुणी हसलं तर हसू दे.

चार्ट काढून टाक असं मी म्हणणार नाही, एवढा रंगवलायस. वरची ओळ ठेव आणि खालच्या चार ओळींवर कॅलेंडर लाव.

फॉर्म वर्षातून दोनदा निघतो, साधारण डिसेंबरात आणि मे-जूनमध्ये, वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, नक्की तारखा यूपीएससीच्या साइटवर बघ, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर जाऊ नको. मुलींना फी नाही, हे वडिलांना आवर्जून सांग. आणि परीक्षेचं सेंटर जो आधी भरेल त्याला आधी मिळतं, म्हणून पुणं पाहिजे असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नको. पुणं मिळालं तर वडिलांना म्हणावं त्या दिवशीची बार्शी-पुणे गाडीची ड्यूटी मागून घ्या.

— मावशी